मुक्कामी एसटीची लाल रेघ : गावाकडच्या रस्त्यावर गाड्यांच्या दिव्यांचे फोटो कसे काढावेत

रात्री आठच्या सुमारास आमच्या गावात मुक्कामी एसटी येते. फाट्यावर वळली की तिचे पुढचे दिवे आधी तुरीवरून फिरतात, मग ती नाल्याच्या पुलाकडे उतरते, चढ चढते आणि चिंचेच्या झाडामागे दिसेनाशी होते. फाट्यापासून चिंचेपर्यंत तिला अडतीस सेकंद लागतात, गाडी भरलेली असली तर बेचाळीस. घड्याळ लावून मी हे कितीतरी रात्री मोजलंय. गावाकडे राहून गाड्यांच्या दिव्यांच्या रेषा टिपायच्या असतील तर पहिलं काम हेच, असं माझं ठाम मत आहे. कॅमेरा नंतर, आधी रस्त्याची वेळ पाठ करा.

शहरात उड्डाणपुलावर उभं राहिलं आणि शटर वीस सेकंद उघडं ठेवलं तरी भागतं. शेकडो गाड्या जातात, काहीतरी चांगलं हाती लागतंच. बुलढाणा जिल्ह्यात आम्ही ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ असे दोन भाग मानतो. घाटाखालच्या गावरस्त्यांवर दहा-दहा मिनिटं एक दिवा दिसत नाही, आणि मग एकच गाडी येते. तीच अख्खा फोटो असते. ती चुकली तर पुढची कदाचित तासाने. पण इथला अंधार खरा आहे. रस्त्यावर खांब नाहीत, दुकानांच्या पाट्या नाहीत. काळ्या शिवारातून एका एसटीची एकच लाल रेघ जाते तेव्हा रस्त्याचं प्रत्येक वळण, प्रत्येक उतार दिसतो. शहरातल्या गुंत्यात तो हरवतो.

रेघ उमटते कशी

हे नीट कळलं की अर्धं काम झालं, म्हणून इथे थोडं थांबू.

शटर तीस सेकंद उघडं असतं तेव्हा शेत, झाडं आणि आकाश तीसही सेकंद आपापल्या जागी उजेड साठवत राहतात. गाडीचा दिवा मात्र कुठल्याही एका ठिकाणी क्षणभरच असतो आणि पुढे सरकतो. त्यामुळे तुम्ही शटर दहा सेकंद ठेवा नाहीतर साठ, रेघेचा उजळपणा तोच राहतो, फक्त तिची लांबी वाढते. रेघ उजळ की फिकी हे ठरतं ॲपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं) आणि आयएसओवर (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील). गाडीच्या वेगावरही ते ठरतं, कारण हळू जाणारी गाडी प्रत्येक ठिकाणी जास्त वेळ दिवा दाखवते आणि तिची रेघ ठळक येते.

म्हणजे दोन वेगळी कामं झाली. ॲपर्चर आणि आयएसओ रेघेसाठी, शटरचा वेळ शिवार आणि आकाशासाठी. फोटोत आभाळ काळं पडलं म्हणून आयएसओ वाढवला की रेघा पांढऱ्याफटक होतात. अशा वेळी आयएसओला हात न लावता वेळ वाढवायचा. उलट रेघा फिक्या वाटल्या तर वेळ वाढवून काही होत नाही, ॲपर्चर उघडावं लागतं.

सामान

मॅन्युअल मोड (सगळे आकडे आपण ठरवायचे) आणि बल्ब मोड (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं) असलेला कुठलाही कॅमेरा चालतो, दहा वर्षं जुना असला तरी. मजबूत ट्रायपॉड हवा. लेन्स महाग नसली तरी हरकत नाही, कारण आपण एफ/८ किंवा एफ/११ ॲपर्चरवर (आकडा मोठा तितकं भोक लहान) काम करणार आहोत आणि तिथे कॅमेऱ्याबरोबर येणारी लेन्सही चांगली चालते. तारेचा साधा रिमोट घ्या. बल्ब मोडमध्ये बटण बोटाने दाबून धरलं की कॅमेरा हलतोच.

याशिवाय वहीच्या पुठ्ठ्याचा हातभर काळा तुकडा. त्याचा उपयोग पुढे सांगतो, आणि माझ्या मते या यादीतली सगळ्यात मोलाची वस्तू तीच आहे. फरशीचे किंवा कौलाचे तीन चपटे तुकडे. चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट. बॅटरी दोन, एक प्रखर आणि दुसरीवर लाल जिलेटीन कागद लावलेला, म्हणजे डोळे अंधाराला सरावलेलेच राहतात. मऊ सुती कापड. पायांत बूट हवेत, चप्पल नको. रात्री धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, गवतात घोणस असते, मण्यार असते. पाय ठेवण्याआधी बॅटरी मारायची, आणि पिशवी गवतावर न ठेवता ट्रायपॉडला टांगायची.

जागा दिवसा पाहून ठेवा

सरळ रस्त्याच्या कडेला उभं राहून काढलेल्या फोटोत दोन सरळ रेघा येतात आणि त्या पाहून मन भरत नाही. वळण हवं, चढ-उतार हवा, आणि आपण रस्त्यापेक्षा थोडं उंचावर हवं. धरणाची भिंत, टेकाड, मंदिराची गच्ची, ओळखीच्या शेतातलं मचाण यांपैकी काहीही चालेल.

आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात. त्यामुळे रस्त्याच्या दिशेने तोंड करून उभं राहिलं की तुमच्यापासून लांब जाणाऱ्या गाड्यांचे लाल दिवे डाव्या अंगाला येतात आणि समोरून येणारे पांढरे दिवे उजव्या अंगाला. लाल रेघ जवळ आणि मोठी हवी असेल तर रस्त्याच्या डाव्या बाजूला जागा शोधा. मला लाल रेघच आवडते. पांढरी रेघ डोळ्यांत शिरते आणि आजूबाजूचं सगळं खाऊन टाकते.

घाट हवा असेल तर बुलढाणा-मलकापूर रस्त्यावरचा राजूर घाट आहे, परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढणारा रस्ता आहे. मेळघाट, ताडोबा, पेंच, टिपेश्वर, बोर या जंगलांच्या हद्दीत मात्र अंधार पडल्यावर पायी उतरून ट्रायपॉड लावू नका. तिथला रस्ता रात्री जनावरांचा असतो. घाटाचा फोटो वस्तीजवळच्या मोकळ्या जागेवरून, गाडी हाकेच्या अंतरावर ठेवून आणि सोबत एक माणूस घेऊनच काढावा.

समृद्धी महामार्गाचा विचार बरेच जण करतात. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता नागपूर, वर्धा, अमरावती, वाशीम आणि बुलढाणा असे विदर्भातले पाच जिल्हे ओलांडतो. त्यावर पायी जायला मनाई आहे, आणि फोटोसाठी गाडी थांबवायचा तर विचारही करू नका. पण गावांचे रस्ते जागोजागी त्याच्यावरून पुलाने जातात. अशा पुलाच्या टोकाला, जमिनीवर, कठड्याबाहेर न वाकता उभं राहता येतं. ऐन पुलावर ट्रायपॉड लावू नका. ट्रॅक्टर गेला तरी पूल थरथरतो आणि रेघांना झालर लागते.

जागा ठरली की वेळ मोजा. ताशी ४० किलोमीटरने चाललेली गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, ६० ने जवळजवळ १७ मीटर. समृद्धीवरची १२० ची कार ३३ मीटर जाते, म्हणजे एक किलोमीटर तीस सेकंदांत. घाटात २५-३० चा वेग धरला तर पाचशे मीटरच्या वळणाला मिनिटभर लागतं. तुमच्या फ्रेममध्ये गाडी कुठे शिरते आणि कुठे दिसेनाशी होते ते पाहा, दोन-तीन गाड्या मोजा, आकडा वहीत लिहा. रेघ फ्रेमच्या कडेपासून कडेपर्यंत गेली पाहिजे. अर्ध्यातच संपलेली रेघ फोटोत चुकल्यासारखी दिसते.

गावात सांगून ठेवा

अंधारात धुऱ्यावर तीन पायांचं यंत्र लावून उभा असलेला अनोळखी माणूस म्हटल्यावर कुणालाही शंका येणारच. दिवसाच पोलीस पाटलांना किंवा सरपंचांना भेटा, कुठे आणि किती वाजेपर्यंत थांबणार ते सांगा. ज्यांच्या शेतात उभं राहणार त्यांना तर विचारायलाच हवं.

एकदा हरभऱ्याच्या शेताच्या धुऱ्यावर मी थांबलो होतो. मोटरपंपाची लाइन रात्रीची होती, त्यामुळे ओलित करायला एक काका आले. त्यांनी लांबूनच बॅटरी मारली.

“काय करून रायले भाऊ इथं? रस्त्याची मोजणी आहे का?”

“नाही काका, फोटो काढतो. गाड्यांच्या दिव्यांचे.”

“अंधारात?”

मी त्यांना पडद्यावर आधीचा फोटो दाखवला. काळ्या शेतामधून लाल रेघ, पुलापाशी जरा खाली गेलेली. त्यांनी बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, “हे तं आपल्या नाल्यावरचा खोलगा दिसून रायला. इथं गाडी बसते खाली.” रोज त्या रस्त्याने जाणाऱ्या माणसाने रेघेवरून रस्ता ओळखला होता. पुढचा तासभर ते ओलिताकडे पाहत आणि मधेच येऊन कुठली गाडी कधी येईल ते सांगत. दुधाची गाडी नवाला जाते आणि परतताना रिकामी असल्याने जोरात येते, हे मला कुठल्याही वेळापत्रकात सापडलं नसतं.

काळी माती आणि ट्रायपॉड

कापसाची काळी माती पावसाळ्यानंतर बरेच दिवस आतून ओली असते. वरून कोरडी दिसते, पण ट्रायपॉडचा पाय तिच्यात हळूहळू रुततो. डोळ्यांना कळत नाही, फोटोत कळतं. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते आणि पाय भेगेच्या कडेवर टेकला तर कड ढासळते. फरशीचे तुकडे यासाठीच. प्रत्येक पायाखाली एक ठेवा, वरून तळहाताने दाब द्या आणि दोन मिनिटं थांबून मगच फ्रेम पक्की करा. मधली दांडी वर काढू नका. खाली आकडा असेल तर त्याला पिशवी टांगा, पण ती वाऱ्याने डोलत असेल तर जमिनीला टेकू द्या.

कुठल्या वेळी

सूर्य मावळल्यानंतर पंधरा ते पस्तीस मिनिटं ही सगळ्यात चांगली वेळ. आकाश गडद निळं असतं, झाडांचे आकार दिसतात आणि गाड्यांचे दिवे लागलेले असतात. डिसेंबरच्या मध्यावर नागपूरला सूर्य साडेपाचच्या थोडा पुढे मावळतो. बुलढाणा पश्चिमेला साधारण तीन अंशांवर आहे आणि एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आमच्याकडे दहा-बारा मिनिटं उशिरा. गोंदिया आणि बुलढाण्यात तर पाव तासाचा फरक पडतो. वीस मिनिटांच्या खेळात पाव तास फार असतो, म्हणून आपल्या गावाची वेळ पाहा, नागपूरची नको.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हवा स्वच्छ असते आणि कापसाचा हंगाम असल्याने रस्त्यांवर गाड्याही असतात. मे महिन्यात हवेत धूळ आणि वाफ असते, शिवाय रात्रीही कॅमेरा तापलेला राहतो, त्यामुळे लांब वेळेच्या फोटोत लाल-निळे ठिपके उमटतात. पावसाळ्यात उघडीप मिळाली तर सोडू नका, कारण ओल्या डांबरावर रेघेचं प्रतिबिंब पडतं.

पूर्ण अंधारात काम करायचं असेल तर चांदणं मदत करतं. पौर्णिमेच्या आसपास आयएसओ ४००, एफ/५.६ आणि ४५ सेकंद ठेवले की शेतं मंद उजेडात दिसू लागतात.

कॅमेरा लावताना, क्रमाने

उजेड असतानाच फ्रेम ठरवा आणि फोकस करून घ्या. ऑटोफोकसने दूरच्या झाडावर फोकस धरा, मग लेन्सवरचं बटण मॅन्युअलवर सरकवा आणि रिंगला कागदी चिकटपट्टी लावून टाका. उजेड गेला असेल तर लाइव्ह व्ह्यूमध्ये (पडद्यावर थेट दिसणाऱ्या दृश्यात) लांबचा एखादा दिवा, मंदिराचा किंवा मोबाईल टॉवरचा, दहा पटींनी मोठा करून पाहा आणि तो सगळ्यात बारीक ठिपका दिसेपर्यंत रिंग फिरवा. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर भरवसा ठेवू नका, ती बऱ्याचदा थोडी इकडेतिकडे असते.

नंतर लेन्सचं किंवा कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन बंद करा. ट्रायपॉडवर ते चालू राहिलं तर नसलेली थरथर दुरुस्त करायच्या नादात फोटो हलवू शकतं.

फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने काही बदल न केलेल्या मूळ फाइलमध्ये, घ्या. व्हाइट बॅलन्स (फोटोतल्या रंगांचा तोल) ऑटोवर ठेवू नका, ४००० केल्विनच्या आसपास एकच पक्का करा, नाहीतर प्रत्येक फोटोत आकाशाचा रंग बदलेल आणि पुढे ते जोडता येणार नाहीत. जुन्या हॅलोजन दिव्यांची रेघ पिवळसर येईल आणि नव्या एलईडींची निळसर पांढरी. ती तशीच राहू द्या, दोन पिढ्यांच्या गाड्या एकाच फोटोत ओळखू येतात.

सुरुवातीचे आकडे असे धरा. सूर्यास्तानंतर पंधरा-वीस मिनिटांनी आयएसओ १००, एफ/११, ८ ते १० सेकंद. पंचवीस-तीस मिनिटांनी एफ/८ आणि २५ ते ३० सेकंद. त्यानंतर बल्ब मोड, एफ/८ किंवा एफ/५.६, आणि गाडीला लागेल तेवढा वेळ. गाडी नसताना एक फोटो काढून आकाश पाहा, गाडी असताना एक काढून रेघ पाहा. पडदा अंधारात जास्तच उजळ भासतो, म्हणून हिस्टोग्रामवर (फोटोतल्या उजेड-अंधाराच्या आलेखावर) विसंबा. रेघेचा गाभा थोडा पांढरा जाणारच, पण भोवतीचा लाल रंग शाबूत हवा.

कॅमेऱ्यात लॉंग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन नावाची सोय असते. ती चालू असली की अडतीस सेकंदांचा फोटो झाल्यावर कॅमेरा आणखी अडतीस सेकंद शटर मिटून स्वतःचे ठिपके मोजत बसतो, आणि तेवढ्यात मागची गाडी निघून जाते. मी ती बंद ठेवतो. उन्हाळ्यात शेवटी लेन्सवर झाकण लावून त्याच आयएसओला आणि तेवढ्याच वेळेचा एक काळा फोटो काढून ठेवतो, घरी ठिपके वजा करायला तो पुरतो.

पुठ्ठ्याचं काम

गाडी वळणावर आली की तिचे अप्पर दिवे दोन-तीन सेकंद थेट लेन्सवर पडतात. तेवढ्यानेच फोटोत भला मोठा पांढरा डाग पडतो आणि लेन्सच्या आतली गोल छाया उमटते. त्या दोन-तीन सेकंदांपुरता काळा पुठ्ठा लेन्ससमोर धरायचा. लेन्सला स्पर्श करायचा नाही, चार बोटं अंतर ठेवायचं आणि पुठ्ठा किंचित हलता ठेवायचा म्हणजे त्याची कड उमटत नाही. रेघ तिथे जरा फिकी होते, पण वळणावर ते खटकत नाही.

दुसरा उपयोग आमच्यासारख्या तुरळक रस्त्यांसाठी आणखी मोठा. बल्बमध्ये शटर उघडा. आकाशाला हवा तेवढा उजेड मिळाला की पुठ्ठा समोर धरा आणि शटर उघडंच ठेवून थांबा. लांबून गाडीचा आवाज आला, ती फ्रेममध्ये शिरली, की पुठ्ठा बाजूला घ्या. ती गेली की पुन्हा झाका. दुधाची गाडी, दोन मोटरसायकली आणि एसटी अशा चार फेऱ्या मी एकाच सात मिनिटांच्या फोटोत घेतल्यात, आणि लेन्स उघडी होती ती मिळून फक्त अडीच मिनिटं. वीज असलेल्या गावांचा केशरी उजेड क्षितिजावर साठत नाही, हाही फायदा.

यात कान उपयोगी पडतात. रात्रीच्या शांततेत एसटीचा गिअर पुलाआधी खाली पडतो तो आवाज किलोमीटरभरावरून येतो. तो ऐकला की हात पुठ्ठ्यावर.

कुठली गाडी कशी रेघ काढते

एसटी उंच असते, त्यामुळे तिच्या मागच्या दिव्यांच्या रेघा कारपेक्षा वर येतात आणि पिकाच्या वरून दिसतात. तूर डोक्याएवढी झालेली असते तेव्हा कार तिच्यात बुडते, एसटी वर राहते. ट्रकला कपाळावर आणि अंगावर रंगीत दिवे असतात, त्यामुळे त्याची पाच-सात रेघांची पट्टीच बनते. कापसाने फुगलेला मेटाडोर हळू जातो, म्हणून त्याची रेघ जाड यायला हवी, पण लोंबणारी ताडपत्री मागचा दिवा झाकते आणि रेघ मधेच तुटते. ट्रॅक्टर समोरून आला तर दोन ठळक संथ रेघा मिळतात. पाठमोरा असला तर बरेचदा काहीच नाही, कारण ट्रॉलीला मागे दिवाच नसतो. हे फोटोपुरतं नाही, जिवाचं आहे. मी ओळखीच्या ट्रॅक्टरवाल्यांना लाल रिफ्लेक्टरच्या पट्ट्या नेऊन देतो.

इंडिकेटर लावून वळणारी गाडी पिवळ्या तुकड्यांची माळ सोडते. मिनिटाला नव्वद वेळा लुकलुकणारा इंडिकेटर आणि ताशी चाळीसचा वेग धरला तर दर सात-साडेसात मीटरवर एक तुकडा. काही नव्या गाड्यांची लाल रेघही बारीक ठिपक्यांची येते. तो कॅमेऱ्याचा दोष नाही, एलईडी खरोखरच अतिशय वेगाने चालू-बंद होत असतो आणि दिवा सरकताना ते उघडं पडतं.

आणि बंडी. तिला दिवा नसतो, पण पुढे बसलेल्याच्या हातात बॅटरी असली तर बैलांच्या चालीबरोबर हिंदकळणारी एक रेघ मिळते. तशी एकच मला आजवर मिळाली आहे, पांदण रस्त्यावर, उडालेल्या धुरळ्यात. ती मी घरी भिंतीवर लावली आहे.

मोबाईलवर

प्रो मोडमध्ये शटर दहा ते तीस सेकंद करता येत असेल तर मोबाईलवरही रेघा येतात. आयएसओ सगळ्यात कमी, फोकस अनंतावर, व्हाइट बॅलन्स पक्का आणि तीन सेकंदांचा टायमर. अडचण ॲपर्चरची आहे. बहुतेक मोबाईलचं ते एफ/१.८ च्या आसपास कायमचं उघडं असतं, त्यामुळे संधिप्रकाशात तीस सेकंदांत सगळं पांढरं होतं. म्हणून मोबाईलवाल्यांनी थोडं उशिरा, अंधार दाटल्यावर सुरू करावं, किंवा चार-चार सेकंदांचे बरेच फोटो काढून जोडावेत. काही मोबाईलमध्ये दिव्यांच्या रेषांसाठी वेगळा मोडच असतो, तो आधी वापरून पाहा. ट्रायपॉड मात्र इथेही चुकत नाही. विटांच्या फटीत खोचलेला मोबाईल वाऱ्याने हलतो.

घरी आल्यावर जोडणी

दुसरी पद्धत म्हणजे एकाच फ्रेमचे वीस-वीस सेकंदांचे सलग फोटो घेत राहायचे आणि नंतर ते एकावर एक रचायचे. दोन फोटोंमधलं अंतर एका सेकंदाच्या आत ठेवा, नाहीतर रेघेत फट दिसते. जिंप या फोटो संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये सगळे फोटो थर म्हणून उघडा आणि वरच्या प्रत्येक थराला ‘लाइटन ओन्ली’ द्या. प्रत्येक ठिकाणचा सगळ्यात उजळ ठिपका तेवढा उरतो, म्हणजे सगळ्या गाड्यांच्या रेघा एकत्र येतात. स्टारस्टॅक्स या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हेच काम आपोआप होतं.

संध्याकाळी सुरू केलेल्या मालिकेत पहिला फोटो सगळ्यात उजळ असतो, त्यामुळे आकाश त्याचंच राहतं आणि नंतरच्या फोटोंमधून फक्त दिवे येतात. म्हणून पहिला फोटो आकाशाचा रंग मनासारखा असतानाच घ्या. मालिका अर्धा तास चालली तर ताऱ्यांच्याही रेघा उमटतात, कारण आकाश तासाला पंधरा अंश फिरतं. आपल्याकडे ध्रुवतारा क्षितिजापासून वीस-एकवीस अंशांवरच असतो. उत्तरेकडे जाणारा रस्ता असेल तर तो सहज फ्रेममध्ये येतो आणि त्याच्याभोवती ताऱ्यांची वर्तुळं, खाली गाड्यांची रेघ, असा फोटो मिळतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांना ही दिशा आयती मिळालेली आहे.

दव

मागच्या थंडीत पूर्णेच्या काठाजवळ मी अडीच तास मालिका घेतली. पडद्यावर पहिले फोटो पाहिले, ते उत्तम होते, म्हणून पुढे पाहिलंच नाही. घरी कळलं की चाळिसाव्या फोटोपासून लेन्सवर दव धरलं होतं आणि नंतरच्या सगळ्या रेघा कापसाच्या बोंडासारख्या फुगल्या होत्या. त्या रात्रीची मुक्कामी एसटी गेली ती गेलीच. तेव्हापासून लेन्सला हूड (पुढे बसणारी नळी) लावतो, तिच्यावर लोकरीचा पायमोजा कापून चढवतो, दर दहा मिनिटांनी लाल बॅटरी तिरपी धरून काच पाहतो आणि दव दिसलं तर सुती कापडाने न घासता टिपतो. घरी आल्यावर कॅमेरा लगेच बाहेर काढायचा नाही. अर्धा तास बंद पिशवीतच राहू द्यायचा, नाहीतर घरातल्या उबेत त्याच्या आत पाणी धरतं. बॅटऱ्याही थंडीत लवकर उतरतात. जादाची बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा.

पहाटेची गाडी

रात्री मुक्कामाला आलेली एसटी पहाटे परत जाते. आमची सव्वासहाला सुटते, आणि डिसेंबरात आमच्याकडे सूर्य सात वाजायला आठ-दहा मिनिटं असताना उगवतो. म्हणजे ती नेमकी निळ्या उजेडात निघते, तीही रोज, ठरल्या वेळी. संध्याकाळी तुम्ही उजेडाच्या मागे धावता, इथे उजेडच तुमच्याकडे येतो.

पावणेसहालाच जागेवर पोहोचा आणि संध्याकाळची उलटी गिनती धरा. सुरुवात एफ/५.६ आणि ३० सेकंदांवर, मग दर पाच मिनिटांनी आकाश तपासून ॲपर्चर मिटत न्या. गाडी निघेपर्यंत एफ/८ वर या. फोटो जोडणार असाल तर इथे शेवटचा फोटो सगळ्यात उजळ असतो, तेव्हा गाडी गेल्यावर फार वेळ चालू ठेवू नका. ड्रायव्हर दहा मिनिटं आधी इंजिन सुरू करून गाडी गरम करतो. तो आवाज देवळापर्यंत ऐकू येतो. मग दार आपटतं, कंडक्टर दोनदा घंटी मारतो. तेव्हापासून चिंचेच्या झाडापर्यंत यायला आमच्या गाडीला वीस सेकंद लागतात. अठरा मोजा आणि शटर उघडा.